उपचारानंतरची सोबत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते त्यांनी आपल्या दीर्घ वैद्यकसेवेत रोग्याच्या नाडीइतकेच लक्ष त्याच्या मनाकडे पुरविले, असे त्यांना पाहिलेले सर्वजण एकमुखाने सांगतात. आणि म्हणूनच विषय निवडण्याची मोकळीक व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली तेव्हा, कर्करोगाचे उपचार आटोपून घरी परतलेल्या माणसाच्या पुढील आयुष्याचा विचार, आणि त्या आयुष्याची प्रत सुधारावी म्हणून ऑनलाइन चालविल्या जाणाऱ्या साहाय्यक्रमांची चिकित्सा, या स्थानी करणे उचित होईल असे मला वाटले. साधन नवे आहे. परंतु ज्याने तेच दुःख भोगले आहे त्याच्यापाशी मन मोकळे करता यावे, आणि ज्याला त्या दुःखाचे शास्त्र कळते त्याचा सल्ला वेळेवर मिळावा, ही गरज फार जुनी आहे.

परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले, १९५१ साली भारतीय कर्करोग संस्था स्थापन झाली, १९६३ साली मुंबई शहरातील कर्करोग्यांची रीतसर नोंदवही सुरू झाली, १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या ठिकाणी ग्रामीण भागाचीही तशी नोंदवही ठेवली जाऊ लागली, आणि २०१२ साली देशभरातील कर्करोग रुग्णालयांना एका सूत्रात गोवणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले. या सर्व उद्योगाचे फळ असे की, ज्या रोगाचे नाव काढताच घरात मरणाची भाषा सुरू होई त्या रोगातून वाचून पुन्हा शेतावर, दुकानात, कचेरीत जाणारी माणसे आज आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांची तजवीज करण्यात आपण बरीच मजल मारली. मात्र शेवटचे सलाईन उतरल्यावर, फाइल पिशवीत घालून आणि तीन महिन्यांनी दाखवायला येण्याची तारीख लिहून घेऊन जो मनुष्य एसटीत बसतो, त्याचे त्या तीन महिन्यांत काय होते याचा हवाला कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

ही उणीव केवळ आपलीच आहे असे नव्हे. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टराने ऐन तारुण्यात स्वतःच्याच छातीच्या क्ष-किरणचित्रात गाठ पाहिली, यातनामय उपचार सोसले, आणि वाचल्यानंतर १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध लिहिला, ज्यातून या विषयाच्या स्वतंत्र विचाराला चालना मिळाली. बुडणाऱ्याला मोठ्या शर्थीने पाण्याबाहेर काढावे आणि काठावर आणल्याबरोबर, आता आपले काम संपले असे समजून, त्याला तेथेच खोकत-ठसकत सोडून निघून जावे, तशी वैद्यकाची वर्तणूक आहे असे त्याने म्हटले. आणि रोगनिदान व उपचार यांचा पहिला काळ, रोग हटला तरी भीती न हटण्याचा दुसरा काळ, आणि दीर्घ आयुष्याचा तिसरा काळ अशी तीन ऋतूंची विभागणी करून, दुसऱ्या आणि तिसऱ्या ऋतूकडे कोणाचेच लक्ष नाही हे दाखविले. पुढल्याच वर्षी अशा वाचलेल्यांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत मलन होते. तथापि त्यानंतर वीस वर्षांनी तेथील वैद्यकसंस्थेने जो विस्तृत अहवाल तयार केला त्यातही, रुग्णावस्थेतून पुढच्या आयुष्यात जाताना माणूस मध्येच हरवतो, हाच निष्कर्ष नमूद करावा लागला.

मध्येच हरवतो म्हणजे काय, हे आपल्याकडील उदाहरणाने पाहिले पाहिजे. तंबाखूमुळे आपल्या प्रांतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. गालाची शस्त्रक्रिया होऊन ‘लाइट’ म्हणजे किरणोपचार घेतलेल्या माणसाचे तोंड दिवसेंदिवस आकसत जाते. भाकरीचा तुकडा जाईनासा होतो, पुढे चमचाही जात नाही, आणि दात घासणेसुद्धा अशक्य होते. यावर उपाय साधा आहे. आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दातांमध्ये धरायची, ती काही वेळ तशीच ठेवायची, आणि काही दिवसांनी जुडीत एक काडी वाढवायची. हे दिवसातून अनेक वेळा आणि कित्येक महिने करायचे. रुग्णालयातून निघताना हे सांगितले जाते, कागदावर लिहूनही मिळते. परंतु पहिल्या आठवड्यात वेदना होतात, रक्ताचा थेंब दिसतो, घरातील माणसे ‘राहू दे आता’ म्हणतात, आणि व्यायाम बंद पडतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर भिंतीवर बोटांनी पायरीपायरीने हात वर चढविण्याचा जो व्यायाम असतो त्याचीही हीच गत होते. हात सुजतो, खांदा आखडतो, आणि डोक्यावरून लुगडे किंवा ओढणी घेता येत नाही म्हणून ती बाई लग्नाकार्याला जाणेच सोडून देते. याशिवाय विश्रांतीने न जाणारा थकवा, तुटक झोप, प्रत्येक तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस पोटात उठणारा गोळा, फिटता न फिटणारे कर्ज, आणि ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या नातेवाइकांची ती न बोलून दाखविलेली अढी, जिचे दुःख गाठीच्या दुःखाहून कमी नसते.

जीवनाची प्रत मोजता येते काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. युरोपातील संशोधकांनी १९९३ साली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, जी आता जगभर वापरली जाते, आणि टाटा रुग्णालयात तिची मराठी व हिंदी रूपेही रोग्यांवर पारखून घेतली गेली आहेत. जड पिशवी उचलताना त्रास होतो काय, झोप लागते काय, घरातील नित्यक्रमात अडथळा येतो काय, आजारामुळे पैशाची ओढाताण झाली काय, असे त्यातले प्रश्न आहेत, आणि शेवटच्या दोहोंत गेल्या आठवड्यातील प्रकृतीला व एकंदर जीवनाला एक ते सात यांपैकी अंक द्यावयाचा असतो. माझ्या मते या प्रश्नावलीची थोरवी अंकांत नसून विचारण्यात आहे. ज्या माणसाला आजवर केवळ ‘गाठ पुन्हा आली का’ एवढेच विचारले गेले, त्याला ‘झोप लागते का’ असे विचारले की तो प्रथम गप्प होतो आणि मग बोलतच राहतो.

हे बोलणे पूर्वी कोठे होत असे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावच्या कर्करोग्यांची व त्यांच्या सोबत्यांची राहण्याची सोय होते हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तेथे नवऱ्याच्या नाकातील नळीतून नाचणीची पेज घालणाऱ्या एका बाईला, शेजारच्या खाटेजवळची दुसरी बाई शिकवीत असताना मी पाहिले आहे. पेज दोनदा गाळून घे, त्यांना उशाला टेकवून बसव, एकदम ओतू नकोस, आणि शेवटी पाणी सोडून नळी धुऊन काढ, नाहीतर रात्री ती तुंबेल आणि तुझा जीव घाबरा होईल, असे ती सांगत होती. सांगणारी विदर्भातली, ऐकणारी खानदेशातली. दोघींची ओळख चार दिवसांची. परिचारिकेने हेच आधी सांगितले असणार. परंतु ‘तुझा जीव घाबरा होईल’ हे वाक्य परिचारिकेच्या कागदावर नसते, आणि शिकवण मनात रुजते ती त्या वाक्यामुळे. उपचार संपले की हा सहवास संपतो. खानदेशातल्या त्या गावात नाकात नळी असलेला तो एकटाच मनुष्य असतो, आणि त्याच्या बायकोला विचारावयास दुसरी खाट नसते. मला आज जे सांगावयाचे आहे ते इतकेच, की ऑनलाइन साहाय्यक्रमांचे मोल या तुटलेल्या सहवासाला ते किती जबाबदारीने पुन्हा जोडतात यावरून ठरवावे. यंत्र किती चतुर आहे यावरून ठरवू नये.

या दृष्टीने पाहता, सर्वांत जुना आणि मला सर्वांत आदरणीय वाटणारा प्रयोग विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. आजचे आंतरजाल घरोघरी पोहोचण्यापूर्वीच त्यांनी ‘चेस’ या नावाची संगणकीय व्यवस्था उभारली, जिच्यात रोगाविषयी विश्वसनीय माहिती होती, तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची सोय होती, आणि त्याच रोगाने ग्रासलेल्या स्त्रियांशी देखरेखीखाली संवाद करता येत असे. संगणक ज्यांच्या घरी नव्हता त्यांना तो उसना दिला गेला. ‘तुमच्यापाशी साधन नाही, सबब तुम्हाला साहाय्य नाही’ असे उत्तर त्यांनी कोणाला दिले नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत साठ वर्षांखालील २४६ स्तनकर्करोगी स्त्रिया होत्या. दोन महिन्यांनी असे आढळले की ज्यांना ही व्यवस्था मिळाली त्या माहिती शोधण्यात अधिक समर्थ झाल्या, आपल्या उपचारांच्या निर्णयात निःसंकोचपणे भाग घेऊ लागल्या आणि डॉक्टरांवरील त्यांचा विश्वास वाढला. पाच महिन्यांनी त्यांना आपल्या पाठीशी माणसे आहेत असेही अधिक वाटू लागले. पण ज्या गोष्टीवर आपण थांबून विचार करावा ती निराळीच आहे. सर्वाधिक लाभ झाला तो ज्या स्त्रियांचे शिक्षण कमी होते, ज्यांच्यापाशी विमा नव्हता, ज्या समाजाच्या कडेला होत्या त्यांना. पुढे विस्कॉन्सिनच्या खेड्यांतील आणि डेट्रॉइट शहरातील अल्प उत्पन्नाच्या स्त्रियांनीही ही व्यवस्था उत्तम रीतीने वापरून दाखविली. नवे साधन आले की ते आधी सुखवस्तूंच्या उपयोगी पडणार, गरिबाला ते वापरताच यायचे नाही, हा जो समज आपल्याकडील सुशिक्षितांत दृढ आहे, त्याला या पुराव्याने छेद जातो.

दुसरा पुरावा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातला. ईथन बाश आणि त्यांच्या मंडळींनी, शरीरात अन्यत्र पसरलेल्या कर्करोगावर रासायनिक औषधे घेत असलेल्या ७६६ रोग्यांची निवड केली; म्हणजे हे लोक रोगातून सुटलेले नव्हते, हे आरंभीच लक्षात ठेवावे. एका गटाने मळमळ, वेदना, धाप, थकवा अशा बारा लक्षणांची नोंद संगणकावरून करावयाची, आणि एखादे लक्षण बळावले की परिचारिकेला आपोआप सूचना जावयाची, अशी व्यवस्था ठेवली; दुसऱ्या गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. नोंद करणाऱ्यांच्या जीवनाची प्रत सुधारली, तातडीच्या विभागात धाव घेण्याचे प्रसंग घटले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने भरले, तर दुसऱ्या गटाचे २६ महिने. एवढ्या साध्या तजविजीने आयुष्याचे पाच महिने वाढावेत याचे जगभर नवल झाले. संगणकाचा ज्यांना पूर्वी सराव नव्हता त्यांना अधिक लाभ झाला हे येथेही दिसून आले. परंतु या चाचणीचे श्रेय यंत्राला देणे मला मान्य नाही, कारण सूचना मिळाल्यावर फोन उचलून ‘औषधाची मात्रा बदला, आजच या’ असे सांगणारी परिचारिका तेथे पगारावर नेमलेली होती. ती नसती तर त्या सूचना नुसत्याच साचत गेल्या असत्या.

इतर प्रयोगांचा निर्देश थोडक्यात करतो. स्टॅनफर्ड आणि हवाई येथील संशोधकांनी ३५२ रोगमुक्तांसाठी चालविलेल्या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाने निद्रानाश कमी झाला व व्यायाम वाढला, आहारात मात्र फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये ४६२ जणांवर तपासल्या गेलेल्या मार्गदर्शक कार्यक्रमाने थकवा आणि विषाद यांत उतार दिसला. डेन्मार्कमधील २५५ स्तनकर्करोगमुक्त स्त्रियांना झोपेच्या सवयी बदलण्याचे शिक्षण ऑनलाइन दिले, म्हणजे ठरलेल्या वेळीच उठावे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये, अंथरूण केवळ झोपेसाठीच राखावे इत्यादी, आणि त्यांची झोप लक्षणीय सुधारली. हा शेवटचा कार्यक्रम संपूर्णपणे यंत्रचालित होता, आणि माझ्या मताला हा अपवाद आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. झोपेसारख्या, नियमांनी बांधलेल्या प्रश्नात यंत्र एकटे पुरे पडू शकते. भय, लज्जा आणि एकाकीपण यांची गोष्ट वेगळी.

ती वेगळी का, हे अपयशी प्रयोगांवरून अधिक स्पष्ट होते. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत, नुकतेच निदान झालेल्या ७८ स्त्रियांपैकी काहींना कोणाच्याही देखरेखीविना परस्परांशी आंतरजालावर संवाद करण्याची सोय दिली, व इतरांना केवळ माहितीची स्थळे दाखविली. संवाद करणाऱ्या स्त्रियांना तो फार आवडला. तरीही कालांतराने त्यांची मानसिक स्थिती इतरांच्या मानाने खालावण्याकडेच कल दिसला. नुकतीच भ्यालेली दहा माणसे एका खोलीत कोंडली आणि जाणता मनुष्य मध्ये कोणी नसला, तर भीती वाटून कमी होत नाही, वाढते. २०१४ सालची दुसरी चाचणी याहून सूक्ष्म आहे. तिच्यात १८३ स्त्रियांच्या दोन प्रकारच्या मंडळ्या केल्या, दोहोंनाही मार्गदर्शक होते. मात्र एकीतील स्त्रियांना ‘तुम्ही इतरांना धीर द्या’ असे उत्तेजन मुद्दाम दिले गेले. परोपकाराने मन हलके होईल ही अपेक्षा होती. घडले विपरीत, त्याच स्त्रियांत चिंता आणि विषाद अधिक राहिले. दुसऱ्याला धीर देण्याच्या कर्तव्यात त्यांना स्वतःचे रडणे दाबावे लागले असावे, असा तर्क संशोधकांनी केला, आणि तो मला पटतो; कारण आपल्या घरांतील स्त्रिया जन्मभर हेच करीत आल्या आहेत, आणि आजारपणात तरी त्यांना त्यातून सुटका मिळावी.

आता आपल्या प्रांताकडे वळतो. बालरोग्यांपुरते काम येथे फार पूर्वी सुरू झाले. टाटा रुग्णालयात १९९१ सालापासून उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि तीच मुले मोठी झाल्यावर २००९ साली भारतीय कर्करोग संस्थेच्या छत्राखाली ‘उगम’ हा त्यांचा स्वतःचा संघ उभा राहिला. प्रौढांसाठी, आणि विशेषतः मराठी बोलणाऱ्या ग्रामीण प्रौढांसाठी, याच्या तोडीची शिस्तबद्ध व्यवस्था झाली पाहिजे. कायदेशीर वाट मोकळी आहे. टाळेबंदीच्या आरंभी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जारी केले, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या योजनेखाली १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी अहोरात्र सल्ला मिळू लागला, मराठीतसुद्धा. तेव्हा माणसे नेमून फोनवर आधार देणे सरकारला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

अडचणी आहेत, आणि त्या यंत्राच्या नव्हेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३३ टक्के स्त्रियांनीच कधी काळी आंतरजाल वापरले होते, पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. घरात फोन असतो, पण तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो; आणि गर्भाशयमुखाच्या उपचारानंतर पती-पत्नीसंबंधात येणाऱ्या वेदनेविषयी जी बाई डॉक्टरांसमोरसुद्धा मान वर करीत नाही, ती मुलाच्या फोनवर काय लिहिणार? यास्तव लिहिण्यावाचण्यावर आधारलेली व्यवस्था आपल्याकडे अपुरी पडेल. आवाजात प्रश्न विचारता यावा आणि आवाजातच उत्तर मिळावे. आशासेविकेने दुपारी घरी येऊन आपल्या फोनवरून गाठ घालून द्यावी आणि मग स्वतः बाहेर ओसरीवर जाऊन बसावे. बोली वऱ्हाडी असो वा मालवणी, उत्तर देणाऱ्याला ती कळावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने जे बंधन घातले आहे त्यापेक्षाही कडक बंधन येथे पाळावे लागेल, कारण गावात बातमी फुटली तर मुलीचे लग्न मोडते. आणि गोमूत्रापासून बेकिंग सोड्यापर्यंत कर्करोगाची जी रामबाण औषधे फोनवरून गावोगाव फिरतात, त्यांना त्याच दिवशी, नाव घेऊन, सौम्य पण निःसंदिग्ध शब्दांत खोडून काढणारा अधिकारी मनुष्य प्रत्येक मंडळीत असला पाहिजे.

एका प्रसंगाची तयारी आधीच ठेवावी लागते. अशा मंडळीतील कोणाची तरी गाठ परत येते, आणि एक दिवस त्या व्यक्तीचा निरोप येणे थांबते. उरलेल्यांना ते सर्वांच्या आधी कळते. कोणी विचारीत नाही, कोणी सांगत नाही, आणि आठवडाभर सगळेच मुके होतात. त्या आठवड्यात पुष्कळजण व्यायाम सोडतात, गोळ्या सोडतात, काही तर मंडळीच सोडतात. ही बातमी कोणी द्यावयाची, घरच्यांची संमती कशी घ्यावयाची, त्यानंतरच्या दोन दिवसांत प्रत्येकाला स्वतंत्र फोन कोणी करावयाचा, याचा जाबता पहिली मंडळी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवला पाहिजे, आणि ज्याने हे फोन करावयाचे त्यालाही आपले मन रिते करण्यासाठी एक वडीलधारा सहकारी नेमून दिला पाहिजे. अनुभवी रोगमुक्तांना या कामी घ्यावेच. पण त्यांना शिक्षण द्यावे, मानधन द्यावे, आणि त्यांची स्वतःची तपासणी जवळ आली म्हणजे त्यांना त्या पंधरवड्यापुरते कामातून मोकळे करावे.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली एक प्रशिक्षित परिचारिका, एक समाजसेवक, आणि त्यांच्या हाताखाली चार-पाच अनुभवी माणसे, एवढ्यावर आरंभ करता येईल; टाटा रुग्णालयाने किंवा कर्करोग जाळ्यातील एखाद्या केंद्राने त्यांना शास्त्रीय आधार द्यावा, आणि त्या तीस प्रश्नांची मराठी प्रश्नावली दर तीन महिन्यांनी भरून घेऊन उपयोग होतो की नाही याची रुजवात घालावी. या सभागृहात नगरपालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे सभासद बसले आहेत, धर्मादाय संस्थांचे विश्वस्तही आहेत, आणि असे प्रस्ताव त्यांच्यापुढे येऊ लागले आहेत. त्यांच्या अंदाजपत्रकांत संगणक, उपकरणे आणि उद्घाटन यांच्या रकमा ठळक असतात. माझी त्यांना कळकळीची विनंती अशी की, त्यांनी प्रथम वेतनाचे शीर्ष पाहावे, रात्री नऊ वाजता आलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार त्याचे पद आणि त्या पदाची मुदत वाचावी, आणि तो रकाना कोरा आढळला तर प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवावा.